एकाच वहीत पेशी आणि पी-व्हॅल्यू

वही फार देखणी असली की मला आधी शंका येते. चार रंगांची पेनं, शीर्षकांभोवती चौकटी, दर दुसऱ्या ओळीवर पिवळा हायलायटर. मी मधलंच एखादं पान उघडते, अर्धी आकृती तळहाताने झाकते आणि विचारते, "इथून पुढे काय होतं, सांग बघू." बहुतेक जण माझ्या हाताकडे बघत राहतात. अक्षर त्यांचंच, पान त्यांचंच, पण मजकूर पुस्तकातून निघून थेट कागदावर उतरलेला. डोक्यात मुक्काम झालेलाच नाही.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला बायॉलॉजी शिकवते आणि त्याच वर्गाला स्टॅटिस्टिक्सही. दोन्ही वह्या एकाच टेबलावर येतात, त्यामुळे त्यांचे आजार शेजारी शेजारी दिसतात. बायॉलॉजीची वही नावांनी फुगलेली असते, स्टॅटिस्टिक्सची सूत्रांनी. एकीत 'का' सापडत नाही, दुसरीत 'कधी'. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: दोन्ही विषयांना वही एकच ठेवा, आणि स्टॅटिस्टिक्सचं प्रत्येक उदाहरण बायॉलॉजीतून घ्या. सुरुवातीला मुलं कुरकुर करतात. वाटाण्यांच्या संकराचे प्रयोग करणाऱ्या मेंडेलपर्यंत पोचलो की कुरकुर थांबते.

पुस्तक मिटून लिहा

तासाला जे लिहाल ते कच्चं असू द्या. पेन्सिलने, तुटक, बाण काढत, डावीकडच्या पानावर. उजवं पान कोरं ठेवायचं. त्याच दिवशी संध्याकाळी पुस्तक मिटून, डावं पान झाकून, आठवेल तेवढं उजव्या पानावर लिहायचं. निम्मं आठवणार नाही, आणि काम होतं ते तिथेच. मग पुस्तक उघडा आणि राहिलेलं, चुकलेलं लाल पेनने भरा. महिन्याभराने पान उलटलं की लाल शाई कुठे दाट आहे ते दिसतं, आणि अभ्यासाला तिथूनच सुरुवात करायची. हायलायटर पुस्तकात काय महत्त्वाचं आहे ते सांगतो. तुम्हाला काय येत नाही हे फक्त लाल शाई सांगते.

हे माझं खूळ नव्हे. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून झाल्यावर आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून रात्री वाचून झाल्यावर 'सगळं येतंय' असं वाटतं, त्या वाटण्यावर फारसा भरवसा ठेवू नका.

प्रक्रियेचं पान: अणू मोजा

बायॉलॉजीत पाठ करायची नावं असतात, ती करावीच लागतात, त्याला इलाज नाही. कार्डं करा, एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला काम, आणि येता-जाता उलटत राहा. वहीची पानं त्यावर घालवू नका. वही प्रक्रियांसाठी आहे.

प्रत्येक प्रक्रियेला चार प्रश्न विचारा: कुठे घडतं, आत काय जातं, बाहेर काय येतं, आणि एखादी गोष्ट काढून घेतली तर काय अडतं? पेशीय श्वसन घेऊ, कारण या धड्यावर सर्वांत जास्त वह्या बुडतात.

ग्लायकोलिसिस सायटोप्लाझममध्ये होतं. आत जातो एक ग्लुकोज, त्यात ६ कार्बन. बाहेर पडतात दोन पायरुव्हेट, प्रत्येकात ३ कार्बन. ४ एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) तयार होतात, पण सुरुवातीलाच २ खर्च झालेले असतात, म्हणून हाती उरतात २. शिवाय २ एनएडीएच, म्हणजे इलेक्ट्रॉन वाहून नेणारे रेणू; त्या इलेक्ट्रॉनवर पुढे एटीपी तयार होतात. पुढे दोन्ही पायरुव्हेट मायटोकाँड्रियात शिरतात आणि तिथे त्यांचं असेटिल-कोए होताना प्रत्येकी एक कार्बन डायऑक्साइड सुटतो: एकूण २, आणि सोबत २ एनएडीएच. क्रेब्स चक्राच्या दोन फेऱ्यांत आणखी ४ कार्बन डायऑक्साइड, ६ एनएडीएच, २ एफएडीएच-टू (हाही इलेक्ट्रॉनवाहकच) आणि २ एटीपी.

आता कार्बनचा हिशेब घाला. २ आणि ४ मिळून ६. ग्लुकोजमध्येही ६ होते. हिशेब जुळला म्हणजे तुमच्या आकृतीत एकही पायरी गळलेली नाही. ही तपासणी पानाच्या तळाशी लिहूनच ठेवा. परीक्षेत आकृती काढून झाल्यावर अर्ध्या मिनिटात स्वतःचा पेपर स्वतः तपासता येतो.

मग तो छळणारा आकडा: एकूण एटीपी किती, ३६, ३८, ३० की ३२? मुलं म्हणतात, प्रत्येक पुस्तकात वेगळंच. वेगळं आहे ते कशामुळे, तेवढं वहीत मांडा. वर मोजलेले एनएडीएच एकूण १०, एफएडीएच-टू २, आणि थेट मिळालेले एटीपी ४. जुन्या हिशेबात एका एनएडीएचला ३ आणि एका एफएडीएच-टूला २ एटीपी धरतात: ३० अधिक ४ अधिक ४, म्हणजे ३८. नव्या हिशेबात २.५ आणि १.५ धरतात: २५ अधिक ३ अधिक ४, म्हणजे ३२. सायटोप्लाझममध्ये तयार झालेल्या २ एनएडीएचचे इलेक्ट्रॉन आत नेताना काही पेशींत मध्येच किंमत घटते, म्हणून दोन्ही आकडे २ ने उतरतात: ३६ आणि ३०. चार आकडे पाठ करण्याऐवजी एक बेरीज करता आली की झालं. उत्तरपत्रिकेत मात्र तुमच्या अभ्यासक्रमातल्या पुस्तकाचा आकडा लिहा आणि कंसात गृहीत धरलेला दर द्या. तपासणाऱ्याला वाद घालायला जागा राहत नाही.

'काढून घेतलं तर' हा चौथा प्रश्न माझा लाडका. ऑक्सिजन काढून घ्या. इलेक्ट्रॉनच्या साखळीत शेवटी इलेक्ट्रॉन घेणारा तोच असतो (आणि ते घेऊन त्याचं पाणी होतं, आपण बाहेर सोडतो त्या कार्बन डायऑक्साइडमध्ये हा ऑक्सिजन जात नाही, इथे निम्मा वर्ग फसतो). तो नसला की साखळी तुंबते, एनएडीएचकडचे इलेक्ट्रॉन घ्यायला कोणी उरत नाही, रिकामं एनएडी (इलेक्ट्रॉन देऊन मोकळं झालेलं एनएडीएच) संपतं आणि क्रेब्स चक्र थांबतं. ग्लायकोलिसिसही थांबलं असतं, पण किण्वन (ऑक्सिजनशिवायची वाट) एनएडी मोकळं करून देतं म्हणून ते चालू राहतं. किण्वन कशासाठी, याचं उत्तर इतकंच. लॅक्टिक आम्ल हे त्यातलं उरलंसुरलं.

परासरण, विसरण, सक्रिय वहन यांना वेगळं पान नको. एका पेशीच्या तीन आकृत्या काढा: बाहेरचं द्रावण पातळ, सारखं, दाट. पाण्याचे बाण दाखवा आणि शेजारी प्राणिपेशी व वनस्पतिपेशी दोघींचं काय होतं ते लिहा. पातळ द्रावणात तांबडी रक्तपेशी फुटते, वनस्पतिपेशी भित्तिकेमुळे टणक होऊन थांबते. एवढं पुरे.

गुणसूत्रं मोजायची कशी

मायटोसिस (साधं पेशीविभाजन) आणि मिओसिस (युग्मकं, म्हणजे लिंगपेशी, बनवणारं विभाजन) यांच्या आकृत्या पुस्तकातून उतरवू नका. स्वतःची एक पेशी ठरवा: २ एन = ४, म्हणजे दोन जोड्या, चार गुणसूत्रं. दोन गुणसूत्रं लांब, दोन आखूड. आईकडची निळी, वडिलांकडची लाल. चार रंगांच्या पेनांना मी नावं ठेवली खरी, पण इथे दोन रंग लागतातच. हीच पेशी दोन्ही विभाजनांतून शेवटपर्यंत न्या.

मोजण्याचा नियम एकच: गुणसूत्रं मोजायची तर सेंट्रोमिअर (गुणसूत्रावरचा जोडबिंदू) मोजा. डीएनएची प्रतिकृती झाल्यावर प्रत्येक गुणसूत्राला दोन क्रोमॅटिड (सारख्याच दोन प्रती) येतात, पण सेंट्रोमिअरपाशी ती जोडलेली असल्याने गुणसूत्रं ४ च राहतात, क्रोमॅटिड होतात ८. मायटोसिसच्या अॅनाफेजमध्ये (दोन टोकांकडे ओढलं जाण्याचा टप्पा) क्रोमॅटिड सुटी झाली की क्षणभर पेशीत ८ गुणसूत्रं असतात, आणि विभाजन पुरं झालं की दोन पेशींत ४-४. मिओसिसच्या पहिल्या अॅनाफेजमध्ये मात्र क्रोमॅटिड सुटत नाहीत. जोडीदार गुणसूत्रं एकमेकांपासून दूर होतात. म्हणून पहिल्या फेरीअखेर प्रत्येक पेशीत २ गुणसूत्रं, पण क्रोमॅटिड ४. दुसऱ्या फेरीत ती सुटतात आणि चार पेशींत २-२ गुणसूत्रं येतात. संख्या निम्मी होते ती पहिल्याच फेरीत, हे वाक्य चौकटीत ठेवा.

त्याच पानावर स्टॅटिस्टिक्सला बोलवा. लांब जोडीतली निळी वर गेली की खाली, आणि आखूड जोडीतली कुठे गेली, या दोन निवडी स्वतंत्र आहेत. म्हणून २ × २ = ४ प्रकारचे युग्मक. माणसात जोड्या २३, म्हणजे २ चा २३ वा घात: ८३,८८,६०८. तेही क्रॉसिंग ओव्हर (जोडीदार गुणसूत्रांमधली तुकड्यांची अदलाबदल) धरलेलं नसताना. स्वतंत्र घटनांच्या संभाव्यतांचा गुणाकार का करायचा, हे फाशांपेक्षा इथे लवकर उमगतं.

स्टॅटिस्टिक्सचं पान: आधी पाच पानं मोजा

मीन (सरासरी), मीडियन (क्रमाने मांडल्यावर मधला आकडा) आणि स्टँडर्ड डेव्हिएशन (एसडी, आकड्यांचा पसारा) यांची सूत्रं लिहून त्याखाली रेघ मारू नका. पाच आकड्यांचं उदाहरण हाताने सोडवा. पाच पानांची लांबी सेंटिमीटरमध्ये: ४, ५, ६, ७, ८. मीन ६, मीडियन ६. मीनपासूनची अंतरं: उणे २, उणे १, ०, १, २. वर्गांची बेरीज १०. तिला ४ ने भागा, २.५. वर्गमूळ १.५८. ही एसडी.

पाच आकडे असताना भागाकार ४ ने का? अंतरांची बेरीज नेहमी शून्य येते. चार अंतरं कळली की पाचवं आपोआप ठरतं, त्याला स्वतःचं काही सांगायचं उरत नाही. मोकळी माहिती चारच. डिग्रीज ऑफ फ्रीडम म्हणजे हेच, आणि हे इथे कळलं की पुढच्या प्रत्येक टेस्टमध्ये ते शोधताना अडखळायला होत नाही.

आता ८ खोडून १८ करा. मीन ६ वरून ८ वर गेला, मीडियन जागचा हलला नाही, एसडी १.५८ वरून ५.७ झाली. एका पानाने केलेला हा गोंधळ वहीत कायम राहू द्या. विषम पसरलेल्या मोजमापांसाठी मीडियन का देतात, याला वेगळी व्याख्या लागणार नाही.

एसडी आणि एसई (स्टँडर्ड एरर) यांची गल्लत मला प्रयोगाच्या जर्नलमध्ये दर वर्षी भेटते. एसडी सांगते की पानं एकमेकांपासून किती वेगळी आहेत. एसई सांगते की तुमचा मीन किती डळमळीत आहे. एसडीला नमुन्याच्या संख्येच्या वर्गमुळाने भागलं की एसई: १.५८ भागिले २.२४, म्हणजे ०.७१. आणखी शंभर पानं मोजलीत तर एसई घटेल, एसडी साधारण तिथेच राहील, कारण तुम्ही मोजत बसलात म्हणून पानं एकसारखी होणार नाहीत. आलेखावर उभ्या रेघा काढल्या की त्या कशाच्या आहेत ते खाली लिहा. न लिहिलेला आलेख मी परत पाठवते.

कोणती टेस्ट, कधी

टेस्टची यादी पाठ करून उपयोग नसतो, कारण पेपरात टेस्टचं नाव देत नाहीत, किस्सा देतात. किस्सा वाचून विचारा: तुम्ही मोजदाद केलीय की मोजमाप? किती बिया हिरव्या, किती पिवळ्या, ही मोजदाद, तिथे काय-स्क्वेअर (मिळालेल्या आणि अपेक्षित संख्यांची तुलना). रोपाची उंची हे मोजमाप. मोजमाप असेल तर गट किती? दोन वेगळे गट असतील तर टी-टेस्ट, तीन किंवा जास्त असतील तर अनोव्हा. दोनदा मोजलेली रोपं तीच असतील, खत घालण्याआधी आणि नंतर, तर पेअर्ड टी. प्रत्येक रोपाची दोन मोजमापं, समजा पानाची लांबी आणि रुंदी, यांचं नातं हवं असेल तर कोरिलेशन. पहिल्या वर्षाला यापलीकडे क्वचितच जातात. हा फाटे फुटणारा तक्ता स्वतःच्या हाताने काढा आणि प्रत्येक टोकाला बायॉलॉजीतला एक किस्सा लिहा.

मेंडेलचे ५५६ दाणे

सगळ्या वहीत एकच उदाहरण पूर्ण सोडवायचं असेल तर हे सोडवा. मेंडेलने १८६६ मध्ये छापलेल्या निबंधात वाटाण्याच्या दोन गुणांच्या संकराचे आकडे आहेत: गोल पिवळे ३१५, गोल हिरवे १०८, सुरकुतलेले पिवळे १०१, सुरकुतलेले हिरवे ३२. एकूण ५५६. दोन्ही गुण स्वतंत्रपणे पुढच्या पिढीत जात असतील तर अपेक्षा ९:३:३:१.

५५६ ला १६ ने भागा, ३४.७५. म्हणून अपेक्षित संख्या ३१२.७५, १०४.२५, १०४.२५, ३४.७५. दाणा पाऊण कसा असेल, असं कोणीतरी विचारतंच. अपेक्षित संख्या ही सरासरी असते, ती पूर्णांकात ओढू नका. आता प्रत्येक गटात मिळालेली वजा अपेक्षित, त्याचा वर्ग, भागिले अपेक्षित: ०.०१६, ०.१३५, ०.१०१, ०.२१८. बेरीज ०.४७. गट चार, एकूण ठरलेली, म्हणून डिग्रीज ऑफ फ्रीडम ३. तक्त्यात ०.०५ साठी, म्हणजे निव्वळ योगायोगाने जो आकडा ५ टक्के वेळाच ओलांडला जाईल तो, मर्यादा ७.८१५. आपला आकडा खूपच खाली, म्हणून ९:३:३:१ नाकारायला आधार नाही.

'नाकारायला आधार नाही' हेच शब्द वापरा. 'सिद्ध झालं' लिहिलंत तर गुण जातात, आणि जायलाच हवेत. पी-व्हॅल्यूचं वाक्यही एकदाच नीट लिहून पाठ करा: शून्य परिकल्पना (आपण तपासतो ती, इथे 'प्रमाण ९:३:३:१ आहे') खरी धरली तर, मिळाला तितका किंवा त्याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने येण्याची संभाव्यता. शेजारी चुकीचं वाक्यही लिहा आणि त्यावर काट मारा: 'पी ०.०३ म्हणजे परिकल्पना खरी असण्याची शक्यता ३ टक्के.' ते इतकं सहज सुचतं की काट मारलेलं डोळ्यांसमोर असलेलं बरं.

आता याच आकड्यांशी थोडं खेळा. दाण्यांच्या जागी टक्के घातले तर एकूण १०० होतात आणि काय-स्क्वेअर ०.४७ वरून ०.०८ वर घसरतो. उलट हेच प्रमाण ठेवून दाणे वीसपट केले तर तो ९.४ होतो आणि मर्यादा ओलांडतो. प्रमाण तेच, निकाल उलटा. म्हणून काय-स्क्वेअरमध्ये टक्के कधीच घालायचे नाहीत, आणि 'सिग्निफिकंट' म्हणजे 'मोठा फरक' असंही समजायचं नाही. या दोन ओळी मी कितीही वेळा फळ्यावर लिहिल्या तरी मुलांनी स्वतः गणित केल्याशिवाय त्या पटत नाहीत.

जाता जाता: संख्याशास्त्रज्ञ फिशरने १९३६ साली मेंडेलच्या प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले आणि ते अपेक्षेशी जरा जास्तच जुळतात असं दाखवलं. त्यावर पुढे बरीच वर्षं वाद चालला. काय-स्क्वेअर फार लहान आला तरी भुवई उंचवावी, हे त्यातून शिकता येतं.

हार्डी-वाइनबर्ग, दोन्ही विषयांच्या सीमेवर

गणिती हार्डी आणि डॉक्टर वाइनबर्ग यांनी १९०८ मध्ये हे तत्त्व वेगवेगळं मांडलं. गंमत म्हणजे 'स्टुडंट' या टोपणनावाने गॉसेटने टी-टेस्टचा पाया घालणारा निबंध छापला तोही त्याच वर्षी.

सूत्र असं: एका जनुकाच्या प्रभावी आणि अप्रभावी प्रकारांची प्रमाणं पी आणि क्यू असतील, तर तीन जनुकप्रकारांची प्रमाणं पी वर्ग, २ पीक्यू आणि क्यू वर्ग (हा पी म्हणजे पी-व्हॅल्यू नव्हे). त्याखाली एक गणित हवंच. एखादा अप्रभावी आजार १०,००० त एकाला होतो. म्हणजे क्यू वर्ग ०.०००१, क्यू ०.०१, पी ०.९९. वाहक (एकच अप्रभावी प्रत असलेले, स्वतः आजारी नसलेले) २ × ०.९९ × ०.०१, म्हणजे ०.०१९८, जवळजवळ ५० त एक. आजारी १०,००० त एक आणि वाहक ५० त एक, ही तफावत पाहिली की अप्रभावी जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकतो कसा ते समजतं. सुरुवात नेहमी क्यू वर्गापासून करा, कारण अप्रभावी गुण दिसणाऱ्यांचा जनुकप्रकार तेवढा नक्की माहीत असतो.

एक खाच लाल शाईने नोंदवा. तीन जनुकप्रकारांच्या मोजदादीवर काय-स्क्वेअर लावताना डिग्रीज ऑफ फ्रीडम २ वाटतात, पण पी याच आकड्यांवरून काढलेला असेल तर त्यापायी आणखी एक जाते आणि उरते १. मर्यादा ५.९९१ ऐवजी ३.८४१. पेपर काढणाऱ्यांना ही जागा फार आवडते, मलाही.

उजळणी

प्रत्येक उजव्या पानाच्या समासात दोन-तीन प्रश्न लिहा. उजळणी म्हणजे पान झाकून त्या प्रश्नांची उत्तरं कागदावर देणं. दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने. उत्तर आलं तर प्रश्नाला टिंब, नाही आलं तर फुली. तीन टिंबं झालेल्या प्रश्नाला सोडून द्या, तो आता तुमचा आहे. परीक्षेच्या आठवड्यात फक्त फुल्यांची पानं काढायची आणि वही शेजारच्या मित्राच्या हाती द्यायची. विचारू दे त्याला, तुम्ही कोऱ्या कागदावर पेन्सिलने काढून दाखवा. कॅल्क्युलेटर परीक्षेला नेणार तोच वापरा, आणि काय-स्क्वेअरचा तक्ता तुमच्या पेपरासोबत देतात की नाही ते आधीच विचारून ठेवा. देत नसतील तर ३.८४१, ५.९९१ आणि ७.८१५ एवढे तीन आकडे कार्डांच्या गठ्ठ्यात घाला.